मास्तराची जागा कोणाच्या मालकीची?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, एका जुंवाखालीं दोन बैल असले आणि एकाच्या पाठीवर चाबूक बसला, तर दुसरा कान टवकारतो. माणसाचें मात्र उलटें आहे. सरकारी नोकरांच्या पेन्शनवर किंवा जागांवर कुऱ्हाड येणार असें वर्तमानपत्रांत छापून आलें कीं आमच्या जळकोटच्या बाजारांत, पारावर, न्हाव्याच्या दुकानांत एकच शब्द ऐकूं येतो : "बरें झालें! बसून खात होते, आतां कळेल." हा शब्द ऐकून मला राग येत नाहीं, तो कोणत्या दुःखांतून येतो तें मला ठाऊक आहे. पण ती कुऱ्हाड ज्या फांदीवर पडावयाची आहे, त्याच फांदीवर बोलणाराची पोरेंबाळें बसलीं आहेत, हें त्याला कोणी सांगत नाहीं. तेवढें सांगण्यासाठींच हा लेख.

मी स्वतः खेड्यांतला मास्तर आहें. अध्यापक विद्यालयांतून डी.एड. झालों आणि महिना तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागलों. आज माझा पगार पोटाला पुरून उरतो. तेव्हां माझें बोलणें हें पगारदाराचें बोलणें आहे. तें तराजूंत घालूनच घ्या. माप कमी भरलें तर खुशाल परत करा.

आधीं तुमची तक्रार मांडतों, कारण ती खरी आहे. २०२४ च्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारांत माल नेला तर चार हजारांच्या आसपास हातांत पडत होते. हमीभाव सरकारचा आणि तोटा शेतकऱ्याचा! इकडे सरकारी नोकराला सातवा वेतन आयोग जानेवारी २०१९ पासून मिळाला, तोही १ जानेवारी २०१६ पासूनच्या फरकासह. नांगर धरणाराला वेतन आयोग नाहीं. सुताराला, लोहाराला, कुंभाराला महागाईभत्ता नाहीं. हातमागावर डोळे गेलेल्याला पेन्शन नाहीं. त्यांतच एका दाखल्यासाठीं चार हेलपाटे, साहेब जागेवर नसणें, मास्तर तालुक्याच्या गांवीं राहून घड्याळाकडे पाहत शाळेंत येणें, हें सारें तुम्ही सोसलें आहे. असा माणूस "पगार द्या, पेन्शन द्या" म्हणून रस्त्यावर बसला तर तुमचें काळीज कां कळवळावें?

म्हणून मी तुम्हांला नोकरांची कींव करा असें सांगत नाहीं. मी एवढेंच विचारतों कीं, कपात होते ती नक्की कशाची होते, हें आपण कधीं नीट पाहिलें आहे काय?

प्रथम सरकारची बाजू घेऊं. १० मार्च २०२५ रोजीं विधिमंडळांत मांडलेल्या अंदाजपत्रकांत राज्याच्या डोक्यावरचें कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाईल असा अंदाज होता, आणि महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटींची दाखविली होती. पगार, पेन्शन आणि कर्जाचें व्याज या तीन तोंडांतच महसुलाचा अर्ध्याहून अधिक घांस जातो. त्याआधीं डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनांत अर्थखातें सांभाळणारे देवेंद्र फडणवीस यांनीं सांगितलें होतें कीं, जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरींत जाईल. तेव्हां पैशाची ओढ आहे, हें सपशेल खोटें म्हणतां येणार नाहीं. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? पण आड कोणीं उपसला आणि आतां पोहरा कोणाच्या हातांतून काढून घेतात, हें विचारण्याचा आम्हांला हक्क आहे. लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांना मी नांवें ठेवणार नाहीं. त्या पैशांत कित्येक घरांचा किराणा येतो. पण एका हातानें बहिणीच्या खात्यांत पैसे घालावयाचे आणि दुसऱ्या हातानें तिच्या लेकराची शाळा काढून घ्यावयाची, याला आमच्याकडे आवळा देऊन कोहळा काढणें म्हणतात.

आतां कपात कशी होते तें पाहा. तुम्हांला वाटतें, सरकार नोकराला घरीं बसवील. तसें सहसा होत नाहीं. चालता माणूस काढला तर बोंब होते, कोर्टकचेरी होते. त्यापेक्षां सोपा मार्ग आहे. मास्तर निवृत्त होतो. शाल-नारळ होतो, फोटो निघतो, जेवण होतें. दुसऱ्या दिवसापासून त्याची खुर्ची रिकामी. ती वर्षभर रिकामी, दोन वर्षें रिकामी. मग कोणी अधिकारी विचारतो कीं, इतके दिवस जागेवांचून भागलें ना, मग ही जागा हवी कशाला? आणि ती कागदावरूनही पुसली जाते. माणूस मारीत नाहींत, जागा मारतात. तिच्या मरणाला कोणी रडत नाहीं. सुतकही पाळावें लागत नाहीं.

याचे दाखले हवे असतील तर घ्या. २ मे २०१२ रोजीं शिक्षकभरती बंद केली; कारण सांगितलें कीं अतिरिक्त ठरलेल्या मास्तरांची आधीं सोय लावूं. इकडे डी.एड. होऊन बसलेलीं पोरें वाट पाहतां पाहतां चाळिशीला टेकलीं. ४ मे २०२० रोजीं, करोनाच्या दिवसांत, अर्थखात्यानें फर्मान काढलें कीं वर्षाच्या तरतुदीपैकीं ३३ टक्केच खर्च करावा आणि आरोग्यासारखीं खातीं सोडून नवी भरती करूं नये. त्या संकटांत तें समजण्यासारखें होतें. पण संकट ओसरलें तरी खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. २०२२ मध्यें सरकारनें ७५ हजार जागा भरूं असें मोठ्या आवाजांत सांगितलें. त्या वेळीं रिकाम्या जागा दोन लाखांहून अधिक होत्या. म्हणजे पूर्ण वचन पाळलें असतें तरी निम्म्याहून अधिक खुर्च्यांवर धूळच राहिली असती.

या खुर्च्या मुंबईच्या मंत्रालयांतल्याच आहेत असें समजूं नका. सप्टेंबर २०२५ मध्यें आमच्या धाराशिव जिल्ह्यांत आभाळ फाटलें, परंडा-भूमकडे शिवारें वाहून गेलीं, गुरें वाहून गेलीं. तेव्हां बांधावर उभें राहून पंचनामा करण्यास कोण हवें होतें? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. एका तलाठ्याच्या गळ्यांत तीन तीन गांवें बांधलीं असतील, तर तुमच्या बांधावर तो केव्हां पोंचणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरची भुई हादरली, तेव्हां ढिगाऱ्यांतून माणसें काढण्यास गांवकरी आणि जवान धांवले. पण त्यानंतर कोणाचें घर गेलें, कोणाचा माणूस गेला, कोणास काय मिळावें, याच्या याद्या महिनोनमहिने कोणीं केल्या? त्याच सरकारी खुर्चीवरच्या माणसांनीं. गरोदर बाईला उपकेंद्रांत नर्स हवी. लोहाराच्या पोराला आयटीआयमध्यें वेल्डिंग शिकविणारा निदेशक हवा. त्या जागा रिकाम्या असल्या तर पैसेवाला खासगी दवाखान्यांत जातो, खासगी शाळेंत जातो. रिकाम्या खुर्चीचा दंड भरतो तो ज्याच्यापाशीं पैसा नाहीं तो, म्हणजे तुम्ही.

शाळेचेंच घ्या, कारण तें माझें घर आहे. वीसहून कमी मुलें असलेल्या शाळा राज्यांत १४,७८३ आहेत, त्यांत १ लाख ८५ हजार मुलें आणि २९,७०७ मास्तर आहेत, असा हिशेब सरकारनें मांडला. आणि सप्टेंबर २०२३ मध्यें या शाळा एकत्र करून "समूह शाळा" काढण्याचा विचार जिल्ह्याजिल्ह्यांस कळविला. कागदावर हिशेब ठीक दिसतो. बारा-तेरा मुलांसाठीं दोन मास्तर! उधळपट्टीच कीं! पण हा हिशेब करणाराला तांडा ठाऊक नाहीं. समजा, एखाद्या तांड्यावर, वस्तीवर अकरा लेंकरें आहेत. त्यांची शाळा उचलून सोलापूर-हैदराबादच्या हमरस्त्यापलीकडच्या गांवीं नेली. गाडी देऊं म्हणाले. पहिल्या वर्षीं गाडी आली, पुढें आली न आली. मग मुलगा चालत जाईल. पण सात वर्षांच्या मुलीला त्या रस्त्यानें कोणता बाप पाठवील? ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरींच राहील, आणि पुढें ऊसतोडीच्या गाडींत बसेल. एका किलोमीटरच्या आंत प्राथमिक शाळा हा शिक्षणहक्काच्या कायद्यानें त्या मुलीला दिलेला हक्क आहे. नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरी तालुक्यांत दरेवाडी म्हणून धरणग्रस्तांची वस्ती आहे. २०२२ मध्यें तेथील शाळा बंद केली, तेव्हां लेंकरें बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेलीं : आमचीं दप्तरें घ्या आणि आम्हांला बकऱ्या द्या! अर्थशास्त्राचे जाडे ग्रंथ वाचलेल्या मंडळींना जें उमगलें नाहीं, तें त्या चिमुकल्यांनीं बकरीच्या दाव्याला धरून दाखविलें.

मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय आला. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसहून कमी मुलें असलीं तर तेथें शिक्षक मंजूर होणार नाहीं, असा निकष त्यानें लावला. त्याच वर्षीं ५ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनीं, आणखी एक निर्णय आला कीं कमी पटाच्या शाळेंत दोहोंपैकीं एक मास्तर महिना १५ हजारांवर कंत्राटी ठेवावा. २५ सप्टेंबरला हजारों मास्तरांनीं सामुदायिक रजा टाकली, गवगवा झाला, आणि पुढें तो निर्णय मागें घेतला गेला. संचमान्यतेच्या निकषाविरुद्ध ५ डिसेंबर २०२५ रोजीं पुन्हां शाळा बंद ठेवून मोर्चे निघाले. त्या दिवशीं किती गांवांतले पालक मास्तरांबरोबर चालले? जेथें चालले तेथें त्यांना माझा नमस्कार. पण पुष्कळ ठिकाणीं लोक म्हणाले, "यांची पुन्हां सुटी!"

कंत्राट हा शब्द आपल्याला नवा नाहीं; ऊसतोडीची उचल घेणाराला त्याचा अर्थ पुरा ठाऊक आहे. ६ सप्टेंबर २०२३ रोजीं सरकारनें निर्णय काढला कीं सरकारी कामासाठीं माणसें नऊ खासगी कंपन्यांकडून घ्यावीं. शिक्षकापासून शिपायापर्यंत सारे मुकादमाच्या हाताखालीं! पोरें रस्त्यावर आलीं, सभा झाल्या, आणि ऑक्टोबरांत तो निर्णय रद्द करावा लागला. पण घर राखणाराची झोंप लागली कीं चोर पुन्हां येतो. अशा नोकरींत पगार थोडा, आणि "उद्यां येऊं नकोस" म्हणण्यास नोटिशीची गरज नाहीं. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, कंपनीनें केलेल्या भरतींत आरक्षणाची बिंदुनामावली कोण तपासणार?

बहुजनहो, येथें जरा थांबून मागें पाहा. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें. सरकारच्या तिजोरींतला पैसा रयतेच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. प्राथमिक शाळांचे मास्तर शेती करणाऱ्या वर्गांतून तयार करावे आणि त्यांना निदान बारा रुपये तरी पगार द्यावा, मोठ्या गांवीं पंधरा-वीस द्यावे, असें त्यांनीं मागितलें. नीट ध्यानांत घ्या. मास्तराला चांगला पगार द्या, ही मागणी मास्तरांच्या संघटनेनें प्रथम केलेली नाहीं. रयतेच्या बाजूनें भांडणाऱ्या माणसानें ती केली. कारण उपाशी मास्तर कुणब्याच्या पोराला काय शिकविणार, हें त्याला कळत होतें. पुढें २६ जुलै १९०२ रोजीं शाहू महाराजांनीं करवीरच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा राखल्या आणि १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. आमचा मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता; शिक्षण उर्दूंत, आणि तेंही मोजक्यांना. १३ सप्टेंबर १९४८ च्या सकाळीं भारताची फौज नळदुर्गाजवळ बोरी नदीचा पूल घेऊन आमच्या जळकोटांत आली, तेव्हां या भागांतल्या किती आजोबांना सही करतां येत होती? १९६२ मध्यें जिल्हा परिषदा झाल्या आणि त्यांच्या शाळा वाड्या-तांड्यांपर्यंत गेल्या. त्या शाळेंतून तुमच्या-माझ्या घरांत पहिला तलाठी, पहिली नर्स, पहिला कंडक्टर झाला. ज्या दारानें आम्ही आंत आलों, त्या दाराला आतां कुलूप लावीत नाहींत. कारण कुलूप दिसतें. चौकटच उचकटून नेतात आणि म्हणतात, दार कोठें होतें?

इतकें झाल्यावर संघटनांशीं बोलणें प्राप्त आहे. तेथें माझीच माणसें आहेत, म्हणून जरा कडक बोलतों.

१४ मार्च २०२३ रोजीं राज्यांतील सुमारें १७ लाख कर्मचारी व शिक्षक संपावर गेले. घोषणा एक : "एकच मिशन, जुनी पेन्शन." १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना तेव्हां जुनी पेन्शन नव्हती, म्हातारपणीं हातांत काय पडेल तें शेअरबाजारावर होतें. ही मागणी न्याय्य होती, आणि आजही ती अन्यायाची आहे असें मी म्हणणार नाहीं. पण त्याच आठवड्यांत काय झालें तें आठवा. अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या. गहू आडवा झाला, द्राक्षें गळालीं. शेतकरी बांधावर उभा, आणि पंचनामा करणारा संपाच्या मांडवांत! त्याच आठवड्यांत कांद्याच्या भावासाठीं दिंडोरीहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईकडे चालला होता. घामाचीं माणसें दोन्हीकडे रस्त्यावर होतीं. पण बहुतेक गांवांत शेतकऱ्यानें संपवाल्याला शिव्या दिल्या आणि संपवाल्यानें शेतकऱ्याकडे पाठ केली. सरकारला आणखी काय हवें होतें? दोघांचें भांडण, तिसऱ्याचा लाभ. २० मार्चला समितीच्या आश्वासनावर संप मागें घेतला गेला.

१९७७ च्या १४ डिसेंबरला याच राज्यांत र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालीं सरकारी कर्मचारी संपावर गेले, ते ५४ दिवस टिकले. २०२३ चा संप सातव्या दिवशीं संपला. मला वाटतें, लोकांची सहानुभूति नाहीं हें आंत बसलेल्यांना कळत होतें, आणि बाहेर बसलेल्यांनाही. एसटीचे कामगार २०२१ च्या ऑक्टोबराअखेरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत झुंजले. हजारों कामगारांवर निलंबन-बडतर्फीची कारवाई झाली, कित्येक घरांत चूल पेटली नाहीं. गाडीवांचून हाल झाले ते खेड्यांतल्या विद्यार्थ्यांचे आणि बाजारकरूंचे. जीपवाल्यांचा धंदा मात्र तेजींत चालला.

कायदा तरी संघटनांच्या पाठीशीं आहे काय? २००३ मध्यें तामिळनाडू सरकारनें संपावर गेलेले पावणेदोन लाखांच्या आसपास नोकर एका फटक्यांत बडतर्फ केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ६ ऑगस्ट २००३ च्या निकालांत न्यायालयानें म्हटलें कीं सरकारी नोकराला संपाचा हक्क नाहीं. पुढें बहुतेकांना कामावर घेतलें, पण निकाल राहिलाच. आणि आपल्याकडे २०२३ चा संप चालू असतांनाच विधिमंडळानें मेस्मा कायदा पुन्हां उभा केला. कायदा नाहीं, पैसा नाहीं; मग संघटनेला आधार कोणाचा? गांवाचा. दुसरा नाहीं.

परदेशांतही हेंच दिसतें. अमेरिकेंतल्या विस्कॉन्सिन राज्यांत २०११ मध्यें गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनीं तिजोरींतल्या तुटीचें कारण सांगून मास्तर व इतर सरकारी नोकरांच्या संघटनांचा वाटाघाटीचा हक्क जवळजवळ काढून घेतला. पोलीस व आग विझविणारे यांना वगळलें, म्हणजे एकी फुटली. मार्चमध्यें शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानींत मास्तरांच्या पाठिंब्याला आले. पण तोंवर उशीर झाला होता, कायदा झाला होता. दुसरीकडे शिकागो शहरांत २०१२ च्या सप्टेंबरांत मास्तर संपावर गेले. त्यांनीं आधीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत जाऊन आईबापांशीं बैठका घेतल्या होत्या, आणि पगाराबरोबर वर्गांतली दाटी कमी करा, शाळेंत नर्स द्या, चित्रकला-संगीताचे मास्तर द्या, हें मागितलें. शाळेचे सात दिवस बुडाले तरी पुष्कळ आईबाप मास्तरांच्या बाजूनें राहिले. पुढच्याच वर्षीं त्या शहरानें पन्नासच्या आसपास शाळा बंद केल्या, हेंही सांगितलें पाहिजे; एका लढाईनें युद्ध संपत नाहीं. पण आईबाप बरोबर असले तर लढाई लढतां तरी येते.

माझें म्हणणें थोडक्यांत हें. संघटनेला खुर्चीवर बसलेला माणूस दिसतो, कारण तो वर्गणी भरतो. रिकामी खुर्ची वर्गणी भरीत नाहीं, म्हणून तिची संघटना नाहीं. आणि जागा मरते ती नेमकी तेथेंच. खुर्ची रिकामी झाली कीं उरलेल्या मास्तरावर दोन वर्गांचा भार येतो, शिकविणें बिघडतें, पट घटतो, आणि घटलेल्या पटावर बोट ठेवून उरलेली जागाही जाते. असें हें गिरणीचें जातें फिरतें. तेव्हां आजचा पगारदार उद्यांच्या रिकाम्या खुर्चीसाठीं भांडला नाहीं, तर परवां त्याची पेन्शन देण्यास कोणी हात वर करणार नाहीं.

जुन्या काळीं गांवांत बलुतेदार होते. त्या पद्धतींत जातीचा जाच होता. ती गेली तें बरें झालें. पण तिच्यांत एक गोष्ट होती : कोणाचें काम काय आणि खळ्यावर त्याचा वांटा किती, हें साऱ्या गांवाला ठाऊक होतें. काम चुकलें तर खळ्यावर जाब होता. वांटा बुडाला तर बलुतेदारही गांवापुढें बोलूं शकत होता. मास्तर, नर्स, तलाठी हे आजचे बलुतेदारच आहेत. त्यांचें बलुतें तुम्हीच भरतां. कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी कोण भरतो? लेंकराच्या चपलेवर, घरच्या सिमेंटवर कर कोण भरतो? फरक एवढाच कीं, धान्य आधीं मुंबईला जातें आणि तेथून मापून परत येतें. मधल्या वाटेंत खळें आणि मालक दोघांचीही ओळख बुजली. म्हणून मास्तराला वाटतें जागा माझी, सरकारला वाटतें जागा आमची. जागा दोघांचीही नाहीं. जागा गांवाची आहे.

आतां करावयाचें काय? संघटनांनीं आपल्या मागण्यांच्या कागदावर पहिली ओळ रिकाम्या जागांची लिहावी, तालुकावार आणि गांववार, पेन्शन त्याखालीं. कंत्राटी नर्स, अंगणवाडीताई, संगणकचालक यांना संघटनेच्या दाराबाहेर उभें ठेवूं नये. अंगणवाडीताई डिसेंबर २०२३ पासून पुढें कित्येक आठवडे संपावर बसल्या. कायम नोकरीवाल्यांपैकीं किती जण त्यांच्या मांडवांत गेले? संप करावा लागलाच तर दवाखाना, पाणी आणि नुकसानीचा पंचनामा यांना हात लावूं नये. गारपीट झाली तर संपवाल्यानें काळी फीत लावून सर्वांआधीं बांधावर जावें. आणि जो मास्तर शिकवीत नाहीं, जो तलाठी पैसे घेतल्याशिवाय उतारा देत नाहीं, त्याच्या पाठीशीं संघटनेनें उभें राहूं नये. एका नासक्या आंब्यापायीं अढी जाते, हें आमच्या बायाबापड्यांना कळतें. आमच्या पुढाऱ्यांना केव्हां कळणार?

आणि तुम्हीं गांवकऱ्यांनीं काय करावें? येत्या ग्रामसभेंत एकच ठराव मांडा : आमच्या गांवाला मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती आणि केव्हांपासून, याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. शाळा, उपकेंद्र, तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, अंगणवाडी, सर्वांची. कार्यालय देत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. गांवांत पदवी घेऊन बसलेलीं पोरें आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या. शाळा व्यवस्थापन समितींत पालकच बहुसंख्य असतात. सहीपुरतें जाऊं नका, पटाचें रजिस्टर मागून पाहा. मास्तर उशिरा आला तर त्याला विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याची जागा जात असेल तेव्हां त्याच हक्कानें सरकारलाही विचारा. मत मागण्यास आलेल्यापुढें ती यादी धरा आणि म्हणा, यांतल्या कोणत्या खुर्चीवर तूं माणूस बसवितोस तें सांग, मग चहा घे.

चालत्या नोकराचा हेवा करून तुमच्या सोयाबीनचा भाव एक रुपयानें वाढणार नाहीं. त्याची खुर्ची रिकामी झाली तर तुमच्या पोराला तेथें कधीं बसतां येणार नाहीं. आणि मास्तरहो, तुम्हांलाही सांगतों : ज्या गांवानें बलुतें भरलें त्या गांवाला विसरून मुंबईच्या आझाद मैदानांत कितीही ओरडलांत, तरी तो आवाज मैदानाच्या कुंपणापलीकडे जाणार नाहीं. ग्रामसभेच्या सतरंजीवर शेतकऱ्याशेजारीं बसा, यादी वाचून दाखवा, आणि पहिली सही शेतकऱ्याला करूं द्या.